खायचं की घासायचं?

आटपाट वगैरे काही नव्हतं, आपलं साधंच गाव होतं. बोअरच्या खारट पाण्याचं. त्या गावात एक भोळा नवरा होता. नाव सोपान.

सोपान आळशी नव्हता. उलटून बोलणारा नव्हता. दारू नाही, तंबाखू नाही. सांगितलेलं काम करायचा. तेवढंच करायचा. जसं सांगितलं तसंच करायचा. पिठाच्या गिरणीत कामाला होता आणि तिथं त्याचं छान चालायचं. गिरणीत गहू टाकला की गव्हाचंच पीठ पडतं, डोकं चालवायला तिथं जागाच नसते. पण घर म्हणजे काही गिरणी नव्हे.

त्याची बायको कांचन. पदरी एक मुलगी, ओवी, नुकतीच रांगायला लागलेली. रांगणारं मूल म्हणजे काय असतं ते ज्याच्या घरात असेल त्यालाच माहीत. आत्ता गॅसच्या नळीपाशी, आत्ता उंबऱ्यावर. खडू, मुंगळा, चपलेचा पट्टा, जे हाताला लागेल ते तोंडात. कांचन जेवतानासुद्धा एक डोळा ताटावर आणि एक डोळा ओवीवर ठेवून जेवायची. म्हणून तिला भाजीत मीठ आहे की नाही हे कधी कळायचं नाही.

घरात सासू होती, पारूबाई. कांचन तिला आत्या म्हणायची. आणि बाथरूममध्ये अ‍ॅसिडची बाटली होती. आत्यांचा जेवढा देवावर विश्वास, तेवढाच त्या बाटलीवर. बोअरच्या पाण्याचे क्षार फरशीवर बसायचे, पांढऱ्या फरशीवर पिवळट खपल्या धरायच्या. मग आत्या नाकाला पदर लावून अ‍ॅसिड ओतायच्या. धूर निघायचा. सगळं घर खोकायचं. शेजारची माणसंही खोकायची. आणि आत्या बाहेर येऊन डोळे पुसत म्हणायच्या, "हां! आता कसं स्वच्छ वाटतंय. नाकात झोंबलं नाही तर ते स्वच्छ कसलं?"

एक दिवस कांचन कपडे वाळत घालून आत आली तर ओवी बाथरूमच्या दारात बसलेली. मांडीवर बाटली. दोन्ही हातांनी बूच फिरवायचं चाललेलं, आणि जीभ बाहेर.

कांचननं अशी झडप घातली की तिचं कपाळ चौकटीवर आपटलं. बूच घट्ट होतं म्हणून बरं. पण कांचन बाटली घेऊन तशीच सासूपुढं उभी राहिली.

"आत्या, या घरात ही बाटली राहील नाहीतर मी राहीन."

"तू कुठं जाणार?"

"माहेरी."

"तिथंही बाथरूममध्ये अ‍ॅसिडच आहे. मी बघून आलेय."

आणि ते खरं होतं.

शेवटी आत्यांनीच तोड काढली. त्यांची धाकटी मुलगी सुवर्णा. तिला बघायला रविवारी पिंपळवाडीचे थोरवे येणार होते. आता पाहुण्या बाया मुलीचं तोंड नंतर बघतात. आधी पाय धुवायच्या निमित्तानं बाथरूम बघतात. आत्यांनी स्वतः असंच केलेलं होतं, त्यामुळे त्यांना पक्कं माहीत होतं.

"रविवारपर्यंत तुझ्या त्या झाडपाल्यानं बाथरूम चकाचक करून दाखव," आत्या म्हणाल्या. "झालं, तर बाटली गेली. नाही झालं, तर बाटली आहे तिथंच राहील आणि तू परत त्यावर तोंड उघडायचं नाही."

झाडपाला म्हणजे बचत गटात शिकवलेलं. तालुक्याहून एक मॅडम गाडीतून आल्या होत्या. "आपल्या पणजीच्या काळात कुठं होतं अ‍ॅसिड? निसर्गाकडे चला!" असं म्हणून त्यांनी भिंतीवर निसर्गाच्या चित्राचा प्लॅस्टिकचा बॅनर लावला आणि सगळ्या बायांना त्याच्यापुढं उभं करून फोटो काढला. रिठ्याचं पाणी, लिंबू, चिंच, सोडा, कडुनिंब, सगळं नीट सांगितलं. कुणीतरी विचारलं, "मॅडम, तुम्ही स्वतः घरी काय वापरता?" मॅडम म्हणाल्या, "आमच्याकडे बाई येते."

पण सांगितलेलं चांगलं होतं, आणि कांचननं ते डोक्यात पक्कं बसवून घेतलं होतं. हात तेवढे रिकामे नव्हते. एका हातात ओवी, दुसऱ्या हातात ओवीनं तोंडात घातलेलं काहीतरी. म्हणून तिनं नवऱ्याला हाक मारली. इथंच चुकलं.

"अहो, पिशवीतले रिठे आणलेत ना, ते जरा पाण्यात भिजत घाला."

"बरं," सोपान म्हणाला.

सकाळी कांचन बघते तर बादलीत पिशवी. वरून गाठ मारलेली. आत रिठे कोरडे ठणठणीत.

"अहो, हे काय?"

"पिशवीतले रिठे भिजत घातले."

कांचननं कपाळाला हात लावला. तिथं अजून टेंगूळ होतं. "अहो, पिशवीतून काढायचे. मग फोडायचे. आतलं बी फेकून द्यायचं आणि वरचं टरफल तेवढं ठेवायचं. काम टरफलाचं असतं. आतलं काही कामाचं नाही."

"हात्तिच्या, एवढंच ना? लक्षात ठेवतो."

आणि त्यानं खरंच लक्षात ठेवलं. हीच तर पंचाईत होती.

दुपारी आत्यांनी त्याच्यापुढं शेंगांचं टोपलं ठेवलं. "सोप्या, पाहुण्यांसाठी दाण्याचे लाडू करायचेत. एवढ्या शेंगा फोडून ठेव."

सोपान अंगणात बसला. मन लावून शेंगा फोडल्या. एक-एक शेंग फोडायचा, आतलं काढायचा आणि फेकायचा. शेजारच्या कोंबड्या गोळा झाल्या. कोंबड्यांनी असा दिवस आजवर बघितला नव्हता. त्यांतली एक तर खाऊन खाऊन तिथंच बसली. आत्या कढई घेऊन बाहेर आल्या तेव्हा टोपल्यात नुसती टरफलं होती, छान निवडलेली, एकही दाणा नाही.

"मुडद्या, दाणे कुठंयत?"

"फेकले. आतलं कामाचं नसतं. काम टरफलाचं असतं."

"मग लाडू कशाचे वळू? टरफलांचे?"

"ते मला कसं माहीत? लाडू तू करतेस."

आत्यांचा आवाज ऐकून कांचन धावत आली. खाली बसली. ओरडून उपयोग नाही हे तिला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तिनं हळू समजावलं, "अहो, रिठा घासायला असतो. शेंग खायला असते. कुठलीही वस्तू हातात आली की आधी विचारायचं, खायचं की घासायचं? खायचं असेल तर आतलं ठेवायचं. घासायचं असेल तर वरचं."

"हात्तिच्या, एवढंच ना? लक्षात ठेवतो. खायचं की घासायचं."

दुसऱ्या दिवशी कांचननं त्याला लिंबं आणायला पाठवलं. निघताना त्यानं न चुकता विचारलं, "खायचं की घासायचं?"

"घासायचं," कांचन म्हणाली. तिला वाटलं, चला, सुधारले.

सोपान घरी आला तो पिशवीभर साली घेऊन. लिंबं जिथं घेतली तिथंच भाजीवालीच्या पुढ्यात बसून सोलली होती. आतलं तिच्याच पाटीत ठेवून आला होता.

"भाजीवाली काही म्हणाली नाही?"

"म्हणाली, रोज येत जा."

"अहो, क्षार रसानं निघतात! आंबटानं! मला रस हवा होता!"

"मग साल नको?"

"सालही हवी. ती रिठ्याच्या पाण्यात उकळायची, वास येतो छान."

"म्हणजे लिंबाचं सगळंच लागतं?"

"हो!"

"म्हणजे लिंबू खायचंही आणि घासायचंही?"

"हो, हो, हो!"

"मग असं आधी सांगायचं ना," सोपान म्हणाला. त्याला बायकोची दया आली. बिचारीला नीट सांगता येत नाही.

लिंबाच्या रसाऐवजी कांचननं डब्यातली चिंच भिजवली. चिंचेवर तांब्या-पितळेची भांडी लख्ख होतात, मग फरशीनं काय घोडं मारलंय? ओवीला सुवर्णाच्या कडेवर दिलं, पदर खोचला आणि स्वतः बसली. फरशीवर सोडा पसरला, त्यावर चिंचेचं दाट पाणी ओतलं. फसफसून फेस आला. सोपान लगेच खराटा घेऊन पुढं झाला.

"थांबा! फेस आला की हात लावायचा नाही. गप उभं राहून बघायचं. फेस त्याचं काम करतो."

"हात्तिच्या, एवढंच ना? लक्षात ठेवतो."

फेसानं काम केलं. खपल्या मऊ झाल्या. न निघालेल्या जागी कांचननं चिंचेचा चोथा रात्रभर दाबून ठेवला आणि सकाळी परत घासलं. गुडघे सोलले, बोटं सुरकुतली. मग वरून रिठ्याचं पाणी, शेवटी कडुनिंबाचा काढा. शनिवारी संध्याकाळी फरशीत ओवीचं तोंड दिसायला लागलं. ओवीनं त्या तोंडाची पापी घेतली. फरशीला जीभ लावली. आणि कांचन आयुष्यात पहिल्यांदा ओरडली नाही. पोरीच्या जिभेला लागलं तर लागलं काय, थोडं कडू.

आत्यांनी दारातून बघितलं. हुंगलं. "झोंबत तर नाही," एवढंच बोलल्या.

रविवार उजाडला. कांचन पोहे निवडत होती. तिनं सोपानला गॅसपाशी उभं केलं. "अहो, दुधाकडे बघा. उतू जाता कामा नये."

सोपान दुधाकडे बघत उभा राहिला. पापणी हलवली नाही. दूध तापलं. साय धरली. फेस आला. फेस चढला, पातेल्याच्या काठावर आला, काठावरून खाली उतरला, ओट्यावरून वाहिला आणि त्याच्या पायावर आला. तेव्हा तो तेवढा एक पाय उचलून उभा राहिला.

"अहो, दूध!" कांचन किंचाळली.

"बघतोय की. फेस आलाय. हात लावायचा नाही. तो त्याचं काम करतो."

कांचननं गॅस बंद केला. आता समजवायला वेळ नव्हता, बाहेर पाहुण्यांची गाडी थांबल्याचा आवाज आला होता. ती घाईघाईनं म्हणाली, "इथून पुढं कुठंही फेस वर येताना दिसला की बघत बसायचं नाही. सरळ गार पाण्याचा हबका मारायचा, खाली बसतो!"

"हात्तिच्या, एवढंच ना?"

थोरवे नवरा-बायको आले. मुलाला सुट्टी मिळाली नव्हती, त्यामुळे त्याच्या वाटचं बघणंही त्याची आईच करणार होती. थोरवे अण्णा धुळीनं माखलेले. अंगणातल्या नळावर बसले, साबण घेतला, तोंडाला चोळला. दाट मिशा, त्यामुळे फेसही दाट झाला. गालावर चढला, कपाळावर चढला.

सोपान टॉवेल घेऊन शेजारीच उभा होता. त्यानं टॉवेल खाली ठेवला. रांजणातलं गार पाणी तांब्याभर घेतलं आणि अण्णांच्या तोंडावर हबका मारला.

अण्णा उताणे.

"बसला," सोपान म्हणाला. फेसाबद्दल.

आत्या धावल्या. "अगबाई! उन्हातून आलात ना, म्हणून आमच्यात गार पाण्यानं स्वागत करतात हो!" अण्णा मिशा पिळत उठले. पिंपळवाडीत असली रीत नव्हती, पण रीत म्हटल्यावर माणूस काही बोलत नाही.

पोहे आले. बशीत लिंबाची फोड. सोपाननं थोरवेबाईंपुढं बशी धरली आणि अदबीनं विचारलं, "लिंबू खायचं की घासायचं?"

"काय?"

"दोन्ही चालतं."

थोरवेबाईंनी कांचनकडे बघितलं. कांचननं ओवीकडे बघितलं. ओवीनं लाडवाकडे बघितलं. आत्यांनी शेवटी विकत आणलेल्या दाण्यांचे लाडू केले होते.

सुवर्णा येऊन बसली, उठून गेली. थोरवेबाई म्हणाल्या, "आम्हाला काही म्हणजे काही नको हो. मुलगी आणि नारळ. आमच्या घरात देण्याघेण्याचं नावसुद्धा काढत नाहीत." मग लोणच्याची फोड चाटून म्हणाल्या, "लोणचं मात्र फार छान झालंय."

"होय," सोपान म्हणाला, आणि बरणीला झाकण लावून बरणी आत नेऊन ठेवली.

आत्यांनी त्याला आत गाठलं. आवाज दाबून म्हणाल्या, "अरे सोप्या, पाहुण्यांना आवडलं म्हणाले की ते बांधून द्यायचं असतं! न मागता! आपल्याला उरलं नाही तरी चालेल, पण आवडलेलं मागं ठेवायचं नसतं. नाक जातं."

"हात्तिच्या, एवढंच ना आई? लक्षात ठेवतो."

एवढ्यात थोरवेबाई उठल्या. "जरा पाय धुऊन येते," म्हणाल्या. पाय येतानाच धुतले होते.

 आत्या कांचनकडे बघत होत्या, कांचन आत्यांकडे. बाथरूमचं दार लागलं. पाण्याचा आवाज आला नाही. म्हणजे बाई नुसत्या बघत होत्या. खूप वेळ बघत होत्या.

दार उघडलं. थोरवेबाईंचं तोंड फुललेलं.

"अहो, काय बाथरूम ठेवलंय! पाऊल टाकवेना. आणि वास कसला गोड! आमच्याकडे अ‍ॅसिडनं डोळे जळतात. हे तर उचलून घरी न्यावंसं वाटतं!"

कांचनच्या डोळ्यांत पाणी आलं. ती भराभरा सांगायला लागली, चिंच, सोडा, रिठे. आत्यांचं तोंड लोणच्याच्या फोडीसारखं.

पाहुणे गेल्यावर कांचननं हात पुढं केला. "आत्या, बाटली."

"एकदा चमकलं म्हणजे झालं का?" आत्या म्हणाल्या. बोलायला तर काहीतरी हवं. "टिकायला नको? सध्या बाटली माळ्यावर ठेवते. फरशी परत पिवळी दिसली की बाटली खाली."

कांचन माळ्याकडे बघत राहिली. ओवी आज रांगते. उद्या चालेल. परवा चढेल.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत ओवीचा डोस होता. सगळ्याजणी निघाल्या. शेजारचा कांद्याचा टेम्पो पिंपळवाडीच्याच बाजाराला चालला होता. आत्यांनी जाता जाता हुकूम सोडला, "सोप्या, पाहुण्यांना जे जे आवडलं ते बांधून टेम्पोत दे. काही मागं ठेवू नकोस. आणि नीट गुंडाळ, वाटेत फुटता कामा नये."

"हात्तिच्या, एवढंच ना?"

अंगणवाडीत रांग मोठी होती. डोस टोचणाऱ्या बाईंची गाडी वाटेत पंक्चर झाली होती. घरी यायला दुपार कलली. ओवी रडून रडून खांद्यावर झोपलेली. सोपान ओट्यावर बसला होता, घामाघूम, पांढऱ्या धुळीनं माखलेला, आणि फार समाधानी.

"लोणचं दिलंस?" आत्यांनी विचारलं.

"दिलं."

"लाडू?"

"लाडू त्यांना आवडले म्हणाले नाहीत. ते घरीच आहेत."

आत्या बाथरूमकडे गेल्या. फरशी पिवळी दिसते का तेवढं बघायला. आणि तिथंच थांबल्या.

फरशी पिवळी नव्हती. फरशी नव्हतीच. भिंतींना चौकोनी चौकोनी खड्डे. नळ नाही. बेसिनचं भांडं नाही. दाराच्या जागी नुसती दोन बिजागरं.

"सोप्या... बाथरूम कुठंय?"

"बांधून दिलं. त्यांना आवडलं ना. उचलून न्यावंसं वाटतं म्हणाल्या. सगळ्यांत जास्त तेच आवडलं होतं." मग जरा अभिमानानं म्हणाला, "एकही फरशी फुटली नाही. गवंड्यानं सिमेंट कमीच घातलं होतं, टिचकीनं सुटल्या. एक-एक फरशी तुझ्या साडीत गुंडाळली."

"कुठल्या साडीत?"

"सगळ्या."

आत्या कपाटाकडे धावल्या, तर कपाट रिकामं. तेवढ्यात सुवर्णाचा फोन वाजला. थोरवेबाई होत्या. सुवर्णानं फोन आईच्या कानाला लावला. आत्यांना वाटलं, गेलं. स्थळ गेलं, नाक गेलं, साड्याही गेल्या.

"विहीणबाई!" तिकडून आवाज आला, "सामान पोचलं हो. आमच्या घरात देण्याघेण्याचं नावसुद्धा काढत नाहीत, पण तुम्ही एवढ्या प्रेमानं पाठवलंत, नाही कसं म्हणायचं? गवंडी बसवायला लागलासुद्धा. मुलगी पसंत आहे. फक्त आरसा राहिला बघा, तेवढा कधी पाठवता?"

आत्यांनी फोन ठेवला.  मग सवयीनं स्टुलावर चढल्या आणि माळ्यावरून अ‍ॅसिडची बाटली खाली काढली. बाटली घेऊन त्या बाथरूमपर्यंत गेल्या. कुठं ओतावी ते त्यांना कळेना. खाली माती होती, वर आभाळ. छपराचा पत्राही थोरवेबाईंना आवडला होता.

सोपाननं आईच्या हातातली बाटली बघितली आणि विचारलं, "आई, खायचं की घासायचं?"

"घासायला काही ठेवलंयस का रे मेल्या!"

कांचननं बाटली आत्यांच्या हातातून काढून घेतली. बूच घट्ट आहे का बघितलं आणि स्वतः चालत जाऊन दुकानदाराला परत देऊन आली. सोपानला पाठवलं नाही. एवढं तर तिला आता कळायला लागलं होतं.

तर अशी त्या घरातली अ‍ॅसिडची बाटली गेली ती कायमची गेली. कांचनच्या मनासारखं झालं. बाथरूमही गेलं, पण ते काही तिनं मागितलं नव्हतं.